रक्त मोजून द्यायची गोळी

पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात १९५२ साली क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि स्किझोफ्रेनियावर औषधोपचार सुरू झाले. त्या पिढीच्या गोळ्यांनी भास ओसरत, पण हात थरथरत, चेहरा ताठ होई. हा ताठरपणा इतका अंगवळणी पडला, की तो दिसला नाही तर औषध लागूच पडलेलं नाही, असं अनेक डॉक्टरांना वाटे. म्हणूनच बर्नच्या वांडर कंपनीत १९५८च्या सुमारास तयार झालेल्या क्लोझापिनवर कुणाचा चटकन विश्वास बसेना. या गोळीने शरीर जवळजवळ ताठरत नव्हतं, तरी भास कमी होत होते.

१९७०च्या दशकात ती युरोपात विक्रीला आली. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली आणि काही महिन्यांतच तिथून वाईट बातमी आली. काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. त्यातले आठ जण संसर्गाने दगावले. अनेक देशांतून औषध मागे घेतलं गेलं.

ते तिथेच संपलं असतं. पण गोळी बंद केल्यावर काही रुग्ण पुन्हा कोसळले, आणि ते पाहणाऱ्या डॉक्टरांना ती सोडवेना. काही देशांत रक्ततपासणीच्या अटीवर ती चालू राहिली. पुढे अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या औषधांनी बरे न झालेले २६८ रुग्ण निवडले. सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के रुग्ण सुधारले, क्लोरप्रोमाझिनने अवघे ४ टक्के. १९८८चा हा अहवाल निर्णायक ठरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परवानगी दिली, पण कडक अटीवर: दर आठवड्याला रक्त तपासायचं, अहवाल नसेल तर गोळी नाही. गोळी आणि तपासणी मिळून वर्षाला सुमारे ९ हजार डॉलर मोजावे लागत. गरजू रुग्णांना परवडणार नाही अशी ही किंमत अन्यायाचीच होती, आणि अनेक राज्यांनी त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली.

नंतर नियम सैल झाले: पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याने, मग महिन्यातून एकदा. पेशी घटण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांतच सर्वाधिक असतो, हे तोवर स्पष्ट झालं होतं. मात्र रक्तावर सगळ्यांचं लक्ष असताना बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष झालं. या गोळीने आतड्यांची हालचाल मंदावते, प्रसंगी जिवावर बेतते. धूम्रपान अचानक सोडलं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. २०२५ मध्ये अमेरिकेने रक्ताचा अहवाल दिल्याशिवाय गोळी न देण्याची सक्ती उठवली. तपासणीचा सल्ला मात्र कायम आहे.

भारतातही हे औषध मिळतं. घरात कुणी ते घेत असेल तर ताप किंवा घसादुखी येताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रक्त तपासून घ्या. पोट साफ होतं का, हे न लाजता विचारा. दोन दिवस गोळी चुकली असेल, तर जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.