बायोडाटातला ‘छंद’ आणि फुरसतीचा इतिहास

आपल्या वस्तीतल्या पोरांचे बायोडाटा तपासताना एक गोष्ट नेहमी दिसते. शिक्षण, अनुभव, भाषा हे रकाने पटापट भरले जातात. पेन अडतं ते ‘छंद’ या रकान्यात. मुलगा रोज रात्री तासभर मोबाइलवर गेम खेळतो, पण लिहितो ‘वाचन, संगीत, ट्रेकिंग’. गेमिंग का लिहिलं नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, “सर, ते वाईट दिसतं ना.”

वाईट कोणाला दिसतं? आणि कोणता छंद चांगला, हे ठरवलं कोणी? हा प्रश्न नोकरीच्या सल्ल्यापुरता नाही. त्याला इतिहास आहे आणि तो आपला इतिहास आहे.

छंदाला आधी फुरसत लागते, आणि मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिलं: वरच्या वर्णांची सेवा. सेवेला सुट्टी नसते. हे केवळ ग्रंथात राहिलं नाही. महार वतन ही त्याचीच गावगाड्यातली व्यवस्था होती. वतनदार महाराला दिवसरात्र केव्हाही सरकारी कामासाठी बोलावता येत असे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावं लागे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडताना बाबासाहेबांनी याच चोवीस तासांच्या गुलामीवर बोट ठेवलं होतं. ज्याचे चोवीस तास दुसऱ्याच्या मालकीचे, त्याला तुमचा छंद काय असं विचारणं ही क्रूर थट्टा ठरली असती.

फुरसत आपल्याला कोणी दान दिली नाही, ती लढून मिळवली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानुसार बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम होतं. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांच्या कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ तासांवर आलं. गांधीवादाची चिकित्सा करतानाही त्यांचा एक मुद्दा फुरसतीचाच होता. यंत्रं नाकारली तर बहुजनांच्या वाट्याला फक्त कष्ट येतील आणि फुरसतीशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ती फुरसतीवरच्या हक्काचीच घोषणा होती, असं मी मानतो.

आता पुढचा पेच बघा. फुरसत मिळाली, तरी आपण जे करतो त्याला ‘छंद’ म्हणायचं की नाही, हे दुसरेच ठरवतात. सदाशिव पेठेतल्या मुलीने तबला शिकला तर तो छंद. आपल्या आजोबांनी हलगी वाजवली तर ते जातीचं काम. शास्त्रीय नृत्य ही कला आणि कोल्हाटी स्त्रीचा नाच हा धंदा. जातीने श्रमाची विभागणी केली, श्रमिकांची केली, आणि त्यासोबत आवडीनिवडींचीही प्रतवारी लावली.

क्रिकेटचंच घ्या. चांभार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखणारे नोकर होते. साहेबांना सराव देता देता ते देशातले अव्वल गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. खेळ तोच, मैदान तेच, पण कोणाचा खेळ प्रतिष्ठेचा हे जात ठरवत होती.

‘हा जुना इतिहास झाला, कंपनी फक्त मेरिट बघते,’ असं कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. त्यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. दलित नावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावांच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. मेरिटची भाषा बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. छंदाचा रकाना हा त्या पार्श्वभूमीत डोकावण्याचा सभ्य झरोका आहे.

अमेरिकेत तर हे थेट छंदांवरच तपासलं गेलं. लॉरेन रिव्हेरा आणि अँड्रास टिल्सिक यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या प्रयोगात बड्या वकिली कंपन्यांना अर्ज पाठवले. मार्क सारखे, पण छंद आणि काही सामाजिक खुणा वेगळ्या. एकाकडे शिडाची नौका, पोलो आणि शास्त्रीय संगीत. दुसऱ्याकडे धावणं, गल्लीतला फुटबॉल आणि कंट्री संगीत. श्रीमंती खुणा असलेल्या पुरुष अर्जदाराला सुमारे १६ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, दुसऱ्याला जेमतेम एक टक्का. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिये ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते हेच.

या चौकटीत गेमिंगकडे बघा. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि आपल्या मुलांच्या हाती साधा मोबाइल आला. पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, पियानोचा क्लास आपल्या वस्तीत नव्हता. गेम मात्र दहा बाय दहाच्या खोलीत पोहोचला. आणि तोच छंद ‘टाइमपास’ ठरला! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये त्याला पदकंही होती. प्रतिष्ठा हळूहळू येते आहे, पण ती आधी महागड्या कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला जाणार, हे ओळखून असा.

मग लिहायचं की नाही? माझं उत्तर स्पष्ट आहे. गेम डिझाइन, टेस्टिंग, ॲनिमेशन, सॉफ्टवेअर अशा कामाचा अर्ज असेल तर जरूर लिहा. पण नुसतं ‘गेमिंग’ नको. संघाचं नेतृत्व केलं असेल, स्पर्धा भरवली असेल, स्वतः छोटा गेम बनवला असेल, तर तेच एका ओळीत मांडा. बँक, शाळा, हिशेबाची नोकरी असेल आणि सांगण्यासारखं काही नसेल तर रकाना गाळा. त्यात कमीपणा नाही. यूपीएससीच्या सविस्तर अर्जात मात्र छंद विचारतात आणि २७५ गुणांच्या मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतात. तिथे उसनं ‘ट्रेकिंग’ दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा छंदच नव्हे. त्यांनी घरं बुडवली आहेत आणि २०२५ च्या कायद्याने ते बंदही केले आहेत.

आणखी एक. जयंती मंडळाचा जमाखर्च ठेवणं, अभ्यासिका चालवणं, धम्म शिबिराचं नियोजन करणं, हे आपली मुलं फुकटात आणि चोख करतात, पण बायोडाटात लिहीत नाहीत. कारण त्यातून जात कळेल ही भीती. ती भीती खोटी नाही, थोरातांचा अभ्यास तेच सांगतो. म्हणून लपवावं की नाही हा निर्णय ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याने घ्यावा. बाहेरून कोणी त्याला भित्रा म्हणू नये. पण संघटना म्हणून आपली मागणी ठाम हवी. कामाशी संबंध नसलेले रकाने अर्जातून काढा आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण लागू करा.

आणि कार्यकर्त्यांनो, गेम खेळणाऱ्या पोराला ‘चळवळीचं वाटोळं केलंस’ म्हणून झोडपू नका. गिरणीतून आणि वतनातून सोडवून आणलेला तो तास आहे. तो कसा वापरायचा यावर त्याच्याशी बोला, वाद घाला, त्याला अभ्यासिकेत ओढा. पण तो तास त्याच्या हक्काचा आहे, हे विसरू नका.

जय भीम!