मिशनशाळा आणि पालकांची संमति
(लवळे परिसरांतील एका नव्या प्रश्नाचा जुना इतिहास)

मुळशी तालुक्यांतील लवळे हें गांव पुण्याच्या पश्चिमेस डोंगराच्या आश्रयानें वसलेलें आहे. गेल्या कांहीं दशकांत ह्या गांवाचें नांव विद्येच्या संबंधानें दूरवर ऐकूं येऊं लागलें. गांवीं सिंबायोसिस व फ्लेम ह्या दोन विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत. त्याच तालुक्यांत खुबवली येथें १९९७ सालीं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज निघालें, व तेथें नाना देशांचीं मुलें एकत्र राहून शिकतात. अशा ह्या परिसरांत राहावयास आलेल्या कुटुंबांपुढें एक प्रश्न वारंवार येतो: आपल्या मुलास ख्रिस्ती संस्थेनें चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शाळेंत घालावें किंवा नाहीं? प्रश्न वरवर पाहतां नवा दिसतो. परंतु त्यांतील ‘आंतरराष्ट्रीय’ हें विशेषण तेवढें नवें आहे; बाकीचा प्रश्न महाराष्ट्रांत सुमारें दोनशें वर्षें विचारला जात आहे. त्याचीं पूर्वीं कोणतीं उत्तरें मिळालीं, आणि तीं देतांना पालकांच्या पदरीं काय आलें, हें तीन प्रकरणांच्या आधारें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ सालीं आले. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ पासून कोंकणांत बाणकोटच्या बाजूस कामास आरंभ केला, व पुढें ते पुण्यांत आले. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस उतरले आणि १८३२ सालीं त्यांनीं इंग्रजी शाळा काढली. सरकारी शाळा त्या काळीं थोड्या, आणि त्यांत सर्व जातींच्या मुलांस सारखा प्रवेश मिळे असें नाहीं. १८२१ सालीं पुण्यांत निघालेली संस्कृत पाठशाळा ब्राह्मणांपुरतीच होती. अशा स्थितींत इंग्रजी विद्येची इच्छा धरणाऱ्या पालकास मिशनशाळेचा दरवाजा हा पुष्कळदां एकच उघडा दरवाजा असे.

पहिलें प्रकरण पुण्याचें आहे. गोविंदराव फुले ह्यांनीं आपला मुलगा ज्योतीराव ह्यास मराठी शाळेंत घातलें होतें. परंतु शिकून मुलगा बिघडेल, कामाचा राहणार नाहीं, अशी भीति घरच्या व्यवहारांतील एका कारकुनानें घातल्यावरून त्यांनीं त्यास शाळेंतून काढून मळ्याच्या कामास लाविलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोघां शेजाऱ्यांनीं मुलाची बुद्धि पाहून गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं ज्योतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. तेथील शिक्षण त्यांनीं १८४७ पर्यंत पुरें केलें. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं. उलट अहमदनगर येथील अमेरिकन मिशनची मिस फॅरार हिची मुलींची शाळा पाहून त्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. ज्या एका माळ्याच्या मुलास इतर मार्ग अरुंद होते त्यास मिशनशाळेनें विद्या दिली, आणि त्या विद्येचें फळ सबंध महाराष्ट्रास मिळालें. मिशनशाळांचा हिशेब मांडतांना ही जमेची बाजू जो गाळील त्याच्या लेखास इतिहास म्हणतां यावयाचें नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गोविंदरावांनीं दोन्ही वेळां निर्णय केला तो दुसऱ्यांच्या सल्ल्यावरून. एकदां कारकुनाच्या, एकदां शेजाऱ्यांच्या. शाळा आंतून कशी चालते हें पाहण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. त्यांचें नशीब असें कीं दुसरा सल्ला चांगला निघाला.

दुसरें प्रकरण मुंबईचें, आणि कटु आहे. १८३९ सालीं विल्सन ह्यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोघां पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला. धनजीभाईचा ताबा मिळावा म्हणून सुप्रीम कोर्टांत अर्ज झाला. परंतु सोळासतरा वर्षांचा हा तरुण आपलें हित समजण्याजोगा आहे असें ठरवून कोर्टानें त्यास त्याच्या इच्छेप्रमाणें जाऊं दिलें. पुष्कळ पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढलीं. पुढें चार वर्षांनीं, म्हणजे शके १७६५ मध्यें, इ. स. १८४३ च्या सप्टेंबरांत, नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण विद्यार्थ्यानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारें बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरीं राहावयास गेला. त्यास बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु त्यांच्या पंक्तीस अन्न मात्र त्यानें घेतलें होतें. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, व न्यायाधीश सर अर्स्किन पेरी ह्यांनीं मुलगा बापाच्या स्वाधीन केला.

ह्या दोन निकालांत विरोध नाहीं. दोहोंचें मूळ वयांत आहे. नारदस्मृतींत सोळा वर्षांच्या आंतील मुलास व्यवहारास असमर्थ, अर्थात् ‘बाल’ मानिलें आहे, हें धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. इंग्रजी कोर्टानें निराळ्या वाटेनें जाऊन जवळजवळ तीच सीमा गांठली, हा योगायोग नोंदून ठेवण्यासारखा आहे.

पण निकाल लागला म्हणून प्रकरण मिटलें नाहीं. मुलगा बापास परत मिळाला, तो जातीस परत मिळेना. अज्ञान मुलाच्या हातून घडलेल्या संसर्गास प्रायश्चित्त आहे कीं नाहीं, ह्यावर मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं श्रीपतास शुद्ध करून घेण्याच्या कामीं पुढाकार घेतला, व त्याबद्दल त्यांस स्वजनांचा रोष सोसावा लागला. बळानें भ्रष्ट झालेल्यांस परत घेण्याचा विचार देवलस्मृतीसारख्या ग्रंथांत फार पूर्वींच झालेला असतां, बारा वर्षांच्या पोरासाठीं एवढा विग्रह व्हावा ही गोष्ट आमच्या समाजास भूषणावह नव्हती. शाळेस दोष देणाऱ्यांनीं परतीची वाट कोणीं अडविली हेंही पाहिलें पाहिजे. नारायण शेषाद्रि पुढें प्रसिद्ध मिशनरी झाले व जालन्याजवळ त्यांनीं बेथेल ही वसाहत स्थापिली.

ह्यानंतर राज्यकर्त्यांस धोरण ठरवावें लागलें. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति घातली. शाळा ऐहिक विद्या चांगली देते एवढेंच पाहावें, तिच्या धर्मशिक्षणाकडे पाहूं नये, असें ठरलें. ह्यामुळें मिशनशाळांस अनुदान मिळूं लागलें, पण पालकाचें काय? त्याचें उत्तर १८८२ च्या हंटर कमिशनच्या शिफारशींत अंशतः सांपडतें. ज्या गांवीं एका दर्जाची एकच शाळा असून तींत धर्मशिक्षण दिलें जातें, तेथें पालकास आपलें मूल त्या तासापुरतें काढून घेतां यावें, व त्यामुळें शाळेच्या इतर लाभांस मुलानें मुकूं नये, असें कमिशननें सुचविलें. निवड करावयास दुसरी शाळाच नसेल तर पालकाची संमति ही नांवाचीच संमति असते, हें तत्त्व येथें मान्य झालें आहे.

तिसरें प्रकरण पुन्हा पुण्याचें, व आमच्या मतें सर्वांत बोधप्रद. पंडिता रमाबाई ह्यांनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. विधवांस व मुलींस आश्रय आणि विद्या देणारी ही संस्था अमेरिकेंतील मंडळाच्या द्रव्यावर चाले. परंतु तींत धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं व प्रत्येकीस आपला आचार पाळतां येईल, असें जाहीर झालेलें होतें. त्या भरंवशावर न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष तिच्या सल्लागार मंडळांत राहिले, व पालकांनीं मुली पाठविल्या.

वचनाचा शब्दशः भंग झाला नाहीं. वर्गांत बायबल शिकविलें जात नव्हतें. परंतु रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत त्या वेळीं खोलीचें दार उघडें असे, व ज्या मुली येऊन बसत त्यांस त्या मज्जाव करीत नसत. आपली उपासना आपण लपवून कां करावी, आणि येणाऱ्या मुलीस कां घालवावें, हा त्यांचा पक्ष. आईच्या ठिकाणीं असलेल्या बाईच्या उघड्या दाराचा अर्थ आश्रित मुलीस काय वाटेल, हा पालकांचा पक्ष. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. अखेर ऑगस्ट १८९३ मध्यें सल्लागारांनीं संबंध सोडला, आणि वीसपंचवीस मुलींस पालकांनीं सदनांतून काढून नेलें. त्यांतल्या कित्येकींच्या शिक्षणाचा तेथेंच शेवट झाला असेल; वादांत जय कोणाचाही झाला असला तरी किंमत त्या मुलींनीं दिली.

ह्याच सदनाच्या अगदीं आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई ह्यांच्याशीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, आणि १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. ‘मुली काढा’ असें म्हणणारे पुष्कळ होते. काढलेल्या मुलींनीं जावें कोठें ह्याचें उत्तर कर्व्यांनीं दिलें.

आतां ह्या तीन प्रकरणांवरून आजच्या पालकानें काय घ्यावें? आमचें मत असें कीं, शाळा ख्रिस्ती आहे कीं नाहीं हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाहीं. ती ख्रिस्ती असल्याचें उघड सांगते, हा तिचा दोष नसून प्रामाणिकपणा आहे. उपयोगाचे प्रश्न तीन आहेत. पहिला वयाचा: मूल किती वर्षांचें असतां आईबापांपासून दूर वसतिगृहांत राहणार? दुसरा पर्यायाचा: शाळा सोडावीशी वाटल्यास जवळ तोडीची दुसरी शाळा आहे काय? तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, उघड्या दाराचा: वेळापत्रकांत जें लिहिलेलें आहे त्याबाहेरचा वेळ कसा जातो? रविवारची सकाळ, जेवणापूर्वींची प्रार्थना, संध्याकाळची बैठक, ह्यांस मुलानें न येण्याची मोकळीक आहे काय, आणि न येणारें मूल तेवढा वेळ कोठें बसतें? शाळेंत जन्म गेलेल्या आम्हांस अनुभव असा कीं, पालक शुल्क विचारतात, परीक्षेचे निकाल विचारतात, भोजनाचीही चौकशी करतात. हा प्रश्न मात्र संकोचानें विचारीत नाहींत.

विचारण्यास आतां कायद्याचा आधार आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणें, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणांत वा उपासनेंत भाग घेण्यास लावितां येत नाहीं. अल्पसंख्याकांस आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क ३० व्या अनुच्छेदानें दिला आहे. दोन्ही हक्क एकत्र नांदावयाचे आहेत. मात्र घटना सक्तीपासून रक्षण करते. उघड्या दारापासून रक्षण करण्याचें सामर्थ्य कोणत्याही कलमांत नाहीं, आणि तें असावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. तेथें पालकाची जागरूकता व शाळेचा सरळपणा हेच उपाय. म्हणून संमति द्यावयाची ती दाखल्याच्या वेळीं, लेखी, आणि कशास दिली व कशास नाहीं हें स्पष्ट लिहून द्यावी.

ज्यांनीं ह्या देशांत मिशनशाळा काढल्या त्यांसही हा प्रश्न चुकला नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनीं स्वतःच्या मुलांसाठीं १९०१ सालीं कोडईकनाल येथें निराळी शाळा काढली. आपलीं मुलें आपल्या रीतींत वाढावीं हीच त्यांचीही इच्छा. तीच शाळा पुढें आंतरराष्ट्रीय झाली. परक्या मुलुखांत आपल्या मुलाची चिंता कशी असते हें जाणणाऱ्या संस्थांनीं दुसऱ्याच्या पालकाची चिंता उपरी मानूं नये.

असो. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा, महजर व बखरी ह्यांचा शोध आपण सर्व करीतच आहों. परंतु घरोघरच्या दप्तरांत शाळांचे जुने दाखले, नियमपत्रकें, पालकांनीं मुख्याध्यापकांस लिहिलेले अर्ज व त्यांचीं उत्तरें हीं रद्दी म्हणून जाळलीं जातात. मोठ्या माणसांचे वाद वर्तमानपत्रांत टिकले. साध्या पालकानें काय विचारलें व त्यास काय सांगण्यांत आलें, हें ह्या कागदांवांचून कळावयाचें नाहीं. मुळशीच्या खोऱ्यांतील ज्या घरांतून एकोणिसाव्या शतकांत मुलें पुण्यास मिशनशाळेंत गेलीं असतील, तेथील एकादा असा अर्ज हातीं लागल्यास त्याची नक्कल तारीखवार करून ठेवावी. आणि आज लवळ्यास राहणाऱ्या पालकांनीं आपण दिलेल्या संमतिपत्राची एक प्रत जपून ठेवावी. ती त्यांच्या मुलास आज उपयोगी पडेल, आणि पुढील संशोधकास उद्यां.