प्रश्नकुंडली मांडणारा पाद्री

ज्योतिष खरं की खोटं, हा आजचा विषय नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रातच त्याची चाचणी घेतली होती. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवूनही तेवढी आली असती! माझा प्रश्न निराळा आहे: तरीही माणसं जातात, तर तिथून घेऊन काय येतात?

याचा मोठा पुरावा इंग्लंडात आहे. रिचर्ड नेपियर हा ग्रेट लिनफर्ड गावचा पाद्री. लंडनच्या सायमन फोरमनकडून तो ही विद्या शिकला. १५९६ ते १६३४ या काळातली दोघांची मिळून सुमारे ८०,००० प्रकरणं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. पद्धत आपल्या प्रश्नकुंडलीसारखीच. जन्मवेळ ठाऊक नसली तरी चालेल, प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडायची. पण त्याआधी नाव, वय, गाव आणि तक्रार लिहून घ्यायची. आता बघा, गोंधळलेल्या माणसाला आपलं दुःख एका प्रश्नात बसवावं लागतं. मला वाटतं, निम्मं काम तिथेच होत असावं.

मायकेल मॅकडोनल्ड या इतिहासकारानं १९८१ च्या पुस्तकात नेपियरकडे आलेले, मनानं त्रासलेले दोन हजारांहून अधिक लोक वेगळे काढले. त्यात बायका जास्त. कारणं कोणती? मोडलेलं प्रेम, नवऱ्याचा जाच, मूल जाणं, कर्ज. हे सांगायचं कुणाला? वेड्यांचं इस्पितळ म्हणावं असं लंडनचं बेथलेम, तेही काही डझन रुग्णांचं. नेपियर मात्र मोलकरणीचंही ऐकायचा आणि उमरावाचंही. जुलाब द्यायचा, रक्त काढायचा, प्रार्थना करायचा, ताईतही बांधायचा. औषधांचा गुण किती, यावर न बोललेलं बरं.

पण याला दुसरी बाजू आहे, बरं का. कित्येक जण विचारायला यायचे, ‘माझ्यावर कुणी चेटूक केलंय का?’ १६०४ च्या कायद्यानं चेटूक करून इजा केल्याबद्दल फाशी होऊ शकत होती. म्हणजे विचारणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता देणारं ‘हो’ शेजारच्या म्हातारीच्या जिवावर बेतू शकत होतं. तिचा प्रश्न मात्र त्या कुंडलीत कुठेच नसायचा.