कोंदणातून निसटलेला खडा

गेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझ्या तन्मणीतला एक लाल खडा पडला. घरी आल्यावर आरशात पाहते तो खोडातले एक घर रिकामे! खडा काही सापडला नाही. दुरुस्तीला ज्या दुकानात गेले, तेथील पावतीवर बारीक अक्षरांत छापले होते, ‘खडे पडल्यास आम्ही जबाबदार नाही.’ ती ओळ वाचून मन खट्टू झाले. त्याच वेळी मनात आले की, खडा पडला तर भरपाई कोणी करायची हा प्रश्न काही आजचा नसणार. शोध घेऊ लागले, तेव्हा तो फार जुना निघाला. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त तीच हकीकत भगिनींपुढे ठेवते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या व्यवहारावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. सोन्याची कामे तेथे तीन प्रकारांत विभागली आहेत आणि त्यांत खडे-काचा बसविण्याचे काम वेगळे सांगितले आहे. गिऱ्हाइकाने ज्या कसाचा आणि जितक्या वजनाचा माल दिला, तसाच तो परत मिळाला पाहिजे, असा नियम आहे. पुष्कळ काळ लोटला तरी तो नियम लागू. अपवाद फक्त वापराने झिजलेल्या आणि मोडलेल्या भागाचा. बायांनो, आजचा सगळा वाद या एका अपवादात आलेला नाही का? झीज झाली असेल तर ती धन्याची, इतर नुकसान झाले तर ते कारागिराचे. हा ग्रंथ कित्येक शतके दृष्टीआड होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्याला हे वाचता येते. मनुस्मृतीतही रत्नाला चुकीचे भोक पाडणाऱ्यास दंड सांगितला आहे. मोती बिघडविणारा हात त्या काळीही होता, असे यावरून दिसते!

आता खडा मुळात पडतो का, ते पाहू. आपल्या जुन्या दागिन्यांत खडा कोंदणात बसवीत. सोन्याच्या पत्र्याचे पोकळ घर करून त्यात लाख भरायची, खड्याखाली चकाकीसाठी डांक ठेवायचा, वर खडा बसवायचा आणि त्याच्या कडेने शुद्ध सोन्याचा अगदी पातळ पत्रा थरावर थर दाबत न्यायचा. शुद्ध सोने इतके मऊ असते की, विस्तवाशिवाय, नुसत्या दाबाने ते एकमेकांना चिकटते. काम देखणे खरे, पण त्याचा पाया लाखेचा. लाखेला ऊन लागले की ती मऊ पडते, जुनी झाली की ठिसूळ होते. कढत पाण्यात कुडी टाकून ब्रशाने घासणारी बाई आपल्याच हाताने खडा सैल करीत असते.

दुसरी रीत नख्यांची. सोन्याच्या बारीक नख्या खड्यावर वाकवून त्याला धरून ठेवतात. न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने १८८६ साली सहा नख्यांची अंगठी काढली आणि पुढे ती घडण जगभर पसरली. यात खड्याला चहूकडून उजेड मिळतो, पण नखी पदराला, केसांना अडकते, झिजते, उचकटते. एक नखी गेली की खडा हलू लागतो. आपल्या नथीची आणि कुडीची गोष्ट आणखी निराळी. तेथे मोती तारेत ओवलेला असतो. तार झिजून तुटली की मोती गेलाच म्हणून समजावे.

जुने सोनार हे सारे जाणून होते. आमच्या सासूबाई सांगत की, दागिना दुरुस्तीला दिला की सोनार त्यांच्यासमोर खडे मोजी, गुंजा-माशांत वजन करी आणि वहीत लिहून घेई. त्या वेळी आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. वजने दशमान पद्धतीने करण्याचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढे ग्रॅम आले. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा कोणी फेकीत नसे. झारेकरी तो विकत नेत आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढीत. जेथे धुळीचे मोल होते, तेथे पडलेला खडा बेवारशी कसा राहील?

इंग्रजी अमदानीत, १८७२ साली, करार कायदा झाला आणि तो आजही चालू आहे. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने, एखादा शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी, असे तो सांगतो. काम पुरे करून मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्कही त्याने कारागिराला दिला आहे. त्याचे उदाहरण म्हणून कायद्याने घेतला आहे तो जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला हिराच! पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा झाला. त्यामुळे सदोष मालाबद्दल किंवा सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

सोन्याच्या कसाचा शिक्का जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण त्या वेळी कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून वगळण्यात आले. म्हणजे ज्या दागिन्यांत लाख, खडे आणि सोने एकत्र असते, तेथेच गिऱ्हाइकाने अधिक सावध राहायला हवे.

म्हणून काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवाव्यात. खरेदीच्या पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांची संख्या आणि खड्यांचे वजन निरनिराळे लिहून घ्यावे. दुरुस्तीला देताना खडे दोघांनी मिळून मोजावेत आणि दागिन्याचे छायाचित्र काढून ठेवावे. वर्षातून एकदा नख्या आणि तारा तपासून घ्याव्यात. खडा घरात पडलाच, तर केर टाकू नये. दिवे मालवून जमिनीलगत विजेरी धरावी, खडा चमकून जागा दाखवितो.

आणि न्यायही सोडू नये. वीस वर्षे वापरलेल्या दागिन्याचा खडा गेला, तर तो दोष सोनाराचा नव्हे. नवा दागिना महिन्याभरात रिकामा झाला किंवा दुरुस्तीला दिलेला खडा दुकानातच हरवला, तर मात्र छापील ओळीकडे बोट दाखवून दुकानदाराने मोकळे होऊ नये. मी त्या दुकानदाराला इतकेच म्हटले, “पडलेला खडा माझ्या वापराने गेला, तो मी भरीन. पण उरलेले अकरा आज तुमच्या हाती देते आहे, ते मोजून लिहून द्या.” क्षणभर थांबून त्यांनी मोजले आणि लिहूनही दिले.

दागिना हे आपले स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीची अशा धनावरील पूर्ण मालकी मान्य केली आहे. मालकी मिळाली, तशी मोजून घेण्याची सवयही आपण लावून घेतली पाहिजे.