दोन मिरवणुका

नोव्हेंबरमध्ये मका काढून झाला की इंडियानाची जमीन दगडासारखी होते. तिथून मार्चपर्यंत शेतात फारसं काम नाही, बाहेर खेळायची सोय नाही आणि संध्याकाळ पाच वाजताच संपलेली. अमेरिकन फुटबॉल खेळायचा तर अकरा धिप्पाड मुलं आणि महागडं सामान लागतं. बास्केटबॉलला पाच पोरं, एक चेंडू आणि कोठाराच्या भिंतीवर ठोकलेली रिंग पुरते. ज्या शाळेत सगळे मिळून पन्नास मुलगे आहेत, तिलाही संघ उभा करता येतो. मुळात हा खेळच थंडीच्या गरजेतून जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, हिवाळ्यात जिममध्ये कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्यासाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले.

खेळ मॅसॅच्युसेट्सचा, पण वेड लागलं इंडियानाला. माझ्या टीमचा क्लायंट तिथला आहे. मार्च महिन्यात त्यांच्याबरोबरच्या कॉलची पहिली दहा मिनिटं बास्केटबॉलमध्ये जातात, हे मी चार वर्षं ऐकतोय. एकदा त्यातल्या एका वयस्कर माणसानं सहज सांगितलं, की शाळेच्या संघानं काय केलं होतं हे इथल्या माणसाला आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ असतं. त्यानंतर मी वाचत सुटलो. हा लेख त्या वाचनातून आला.

इंडियानाची राज्यस्तरीय शालेय स्पर्धा १९११ ला सुरू झाली. तिची गंमत अशी, की त्यात गट नव्हते. मोठ्या शहरातली दोन-दोन हजार मुलांची शाळा आणि मक्याच्या शेतांमधली शंभर मुलांची शाळा एकाच ड्रॉमध्ये. हरलात की घरी. १९५४ मध्ये ७५१ शाळा उतरल्या होत्या. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो, म्हणजे एक विजेता ठरायला ७५० सामने. (हे गणित मी मुलाखतीत विचारतो. बरेच जण कागद घेऊन फेऱ्या मोजायला बसतात.)

त्या वर्षीचा विजेता होता मिलान. उच्चार मायलन. वस्ती अकराशेच्या आसपास, हायस्कूलमध्ये १६१ विद्यार्थी, मुलं-मुली धरून. प्रशिक्षक मार्व्हिन वूड जेमतेम पंचविशी ओलांडलेला. अंतिम सामन्यात समोर मन्सी सेंट्रल, त्याआधी चार वेळा राज्य जिंकलेली शाळा. दिवस २० मार्च, ठिकाण इंडियानापोलिसचं बटलर फील्डहाउस, आत पंधरा हजार माणसं.

चौथ्या सत्रात मिलान दोन गुणांनी मागे पडलं, आणि तेव्हा बॉबी प्लम्प या मुलानं जे केलं ते आज कुणी करू शकणार नाही. तो चेंडू हातात धरून उभा राहिला. ड्रिबल नाही, पास नाही. चार मिनिटं तेरा सेकंद. तेव्हा शॉट क्लॉक नव्हतं, त्यामुळे नियमात हे बसत होतं. जुन्या चित्रणात तो भाग पाहताना व्हिडिओ अडकलाय की काय असं वाटतं. पिछाडीवर असताना वेळ का काढायचा? तर मन्सीची मुलं उंच होती, सरळ खेळात त्यांनी धुऊन काढलं असतं. सामना शेवटच्या मिनिटापर्यंत लटकत ठेवायचा आणि मग नशीब आजमावायचं, हा वूडचा हिशेब. तो जुळला. ३०-३० बरोबरी झाली, चेंडू मिलानकडे आला. अठरा सेकंद उरलेली असताना त्यांनी टाइमआउट घेतला. मग बाकीचे चौघं बाजूला सरकले, प्लम्पनं एकट्यानं उजवीकडे मुसंडी मारली आणि अचानक थांबून उडी घेऊन फेकलं. ३२-३०.

दुसऱ्या दिवशी संघ गावी निघाला तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक गावातून गाड्या मागे लागत गेल्या. तेरा मैलांची रांग झाली आणि अकराशेच्या मिलानमध्ये चाळीस हजार लोक जमले, असं तेव्हापासून सांगितलं जातं. आकडा थोडा फुगलेला असेल, पण फुगवायला आधी काहीतरी असावं लागतं.

इंडियानाची लाडकी गोष्ट ती हीच. तिच्यावर १९८६ मध्ये 'हूजियर्स' नावाचा सिनेमा निघाला. गावाचं नाव बदलून, साल बदलून, जीन हॅकमनला प्रशिक्षक करून. खेळावरचे चांगले सिनेमे मोजायला बसलं की तो हमखास येतो. मलाही तो आवडतो. दोनदा पाहिलाय.

पण मिलाननं अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात कुणाला हरवलं होतं हे सिनेमात नाही. ६५-५२ अशा फरकानं ते जिंकले होते क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूलविरुद्ध. इंडियानापोलिसची ही शाळा, आणि तिच्या संघात त्या दिवशी पंधरा वर्षांचा एक मुलगा खेळत होता: ऑस्कर रॉबर्टसन.

ही शाळा मुळात का बांधली गेली ते आधी सांगायला हवं. विशीच्या दशकात इंडियानाच्या राजकारणावर कू क्लक्स क्लॅनची घट्ट पकड होती. तोवर इंडियानापोलिसमधली कृष्णवर्णीय मुलं शहरातल्या इतर हायस्कूलांत गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. मग त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढायचं ठरलं आणि १९२७ मध्ये ती उघडली. सगळी मुलं उचलून तिथे. नाव आधी थॉमस जेफरसनचं द्यायचं घाटत होतं. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या माणसाचं नाव या शाळेला कशाला, म्हणून लोकांनी ते हाणून पाडलं आणि १७७० च्या बॉस्टन हत्याकांडात पहिल्यांदा पडलेल्या क्रिस्पस अ‍ॅटक्सचं नाव लावून घेतलं. तोडण्यासाठी बांधलेल्या या शाळेत शिक्षक मात्र असे मिळाले, की अनेकांकडे मास्टर्स किंवा डॉक्टरेट होती. विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती, म्हणून ते हायस्कूलला शिकवत होते.

राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनं कृष्णवर्णीयांच्या शाळांना १९४२ पर्यंत स्पर्धेत घेतलंच नाही. कॅथलिक शाळांनाही नाही. म्हणजे पंधरा वर्षं अ‍ॅटक्सचे संघ प्रतिस्पर्धी शोधत दूरदूर भटकत राहिले. प्रवेश मिळाल्यावरही घरचं मैदान नव्हतं. शाळेचं जिम इतकं लहान की तिथे मोठे सामने घेणं शक्य नव्हतं. त्यामुळे हंगामातला जवळपास प्रत्येक सामना दुसऱ्याच्या छपराखाली आणि दुसऱ्याच्या प्रेक्षकांपुढे. सामना संपल्यावर वाटेत जेवायला कुठल्या हॉटेलात बसू देतील हा वेगळाच प्रश्न.

१९५० मध्ये रे क्रो हे मुख्य प्रशिक्षक झाले. शेतकरी कुटुंबातले, गोऱ्या शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर खेळून वाढलेले, पेशानं शिक्षक. अ‍ॅटक्समध्ये तोवर असा दंडक होता, की आपल्या मुलांनी गोऱ्यांना कुठेही खटकेल असं वागायचं नाही. अदबीनं खेळायचं, अंगाला अंग लागू द्यायचं नाही, पंचांशी शब्दानंही बोलायचं नाही. भीती समजण्यासारखी होती. जेमतेम मिळालेला प्रवेश एखाद्या धक्काबुक्कीनं जाऊ शकला असता. पण बास्केटबॉल हा अदबीनं जिंकायचा खेळ नव्हे. १९५१ ला संघ राज्याच्या शेवटच्या चारांत पोचला आणि तिथे हरला. पराभवाला आपलं हातचं राखून खेळणंही कारण होतं, असं क्रो यांना वाटत राहिलं. त्यानंतर त्यांनी मुलांना मोकळं सोडलं. शिस्त कायम, संयम कायम, पण खेळ वेगवान आणि आक्रमक. पंच कधी आपल्या बाजूनं नसतील हे ते गृहीत धरायला सांगत. पहिले दहा गुण पंचांना देऊन टाकायचे, आपला सामना त्यानंतर सुरू, अशा अर्थाचं त्यांचं सांगणं त्यांच्या खेळाडूंनी नंतर अनेकदा आठवलं आहे.

मला हे वाक्य धोरण म्हणून थोर वाटतं आणि सोळा वर्षांच्या मुलाला सांगायची गोष्ट म्हणून भयंकर.

ऑस्करचं घर गरीब. चेंडू विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून टेनिसचे चेंडू, नाहीतर रबरबँडनं बांधलेल्या चिंध्या घेऊन तो घरामागे सराव करायचा. नेम धरायला काय, तर पीचची टोपली. नेस्मिथनंतर साठ वर्षांनी खेळ या मुलासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता म्हणायचं. पुढे वस्तीतल्या लॉकफील्ड गार्डन्सजवळचं 'डस्ट बोल' नावाचं धुळीचं मैदान त्याची शाळा झालं. थोरला भाऊ बेली १९५१ च्या संघात होता आणि त्यानं अखेरच्या क्षणी टाकलेल्या एका बास्केटवर अ‍ॅटक्सनं अँडरसनला ८१-८० असं हरवलं होतं.

१९५४-५५ चा हंगाम. अ‍ॅटक्स एकच सामना हरलं, कॉनर्सव्हिलला, तोही एका गुणानं. स्पर्धेत मन्सी सेंट्रलशी गाठ पडली आणि ७१-७० असा निकाल लागला. शेवटच्या क्षणी मन्सीचा पास ऑस्करनं मधेच पळवला. १९ मार्च १९५५ ला अंतिम सामना त्याच बटलर फील्डहाउसमध्ये. समोर गॅरी शहरातलं रूझवेल्ट हायस्कूल, तीही कृष्णवर्णीय मुलांचीच शाळा. तेरा वर्षांपूर्वी ज्यांना दारात उभं केलं जात नव्हतं, अशा दोन शाळा राज्याच्या अजिंक्यपदासाठी खेळत होत्या. अ‍ॅटक्स ९७, रूझवेल्ट ७४. मिलानच्या ३२-३० शेजारी हा आकडा ठेवून पाहा. एका वर्षात खेळच बदलला होता. सर्व वंशांच्या शाळांना खुल्या असलेल्या राज्यस्तरीय स्पर्धेत पूर्णपणे कृष्णवर्णीय शाळा जिंकण्याची ही अमेरिकेतली पहिली वेळ.

आणि आणखी एक. राजधानी इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेनं तोवर ही स्पर्धा जिंकली नव्हती. चव्वेचाळीस वर्षं शहर वाट बघत होतं.

विजेत्यांना आगीच्या बंबावर बसवून शहराच्या मधोमध असलेल्या मॉन्युमेंट सर्कलवर न्यायचं, तिथे गर्दीत जल्लोष करायचा, अशी रीत होती. अ‍ॅटक्सची मुलं बंबावर चढली. बंब सर्कलवर आला. एक फेरी मारली. आणि थांबला नाही. तिथून तो थेट गेला कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्कमध्ये. तिथे शेकोटी पेटवलेली होती. साजरं करायचं ते इथे करा. शहराच्या मध्यभागी या लोकांची गर्दी झाली तर दंगा होईल, मोडतोड होईल, ही अधिकाऱ्यांची भीती. मिलानच्या चाळीस हजारांची ही भीती कुणाला वाटली नव्हती.

वरात कुठल्या रस्त्यानं न्यायची आणि कुठल्या नाही, यात काय काय असतं हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

पार्कात लोक नाचत होते. ऑस्कर तिथे फार वेळ थांबला नाही. आपण या शहराला नको आहोत हे त्या रात्री कळलं आणि ते कधी विसरता आलं नाही, असं त्यानं पुढे अनेकदा बोलून आणि लिहून सांगितलं. लक्षात घ्या, आदल्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ब्राउन खटल्यात शाळांमधलं वंशवार विभाजन घटनाबाह्य ठरवलं होतं. इंडियानात तर तसा कायदा १९४९ लाच झाला होता. कायदा पोचला होता, बंब पोचला नव्हता.

पुढच्या वर्षी अ‍ॅटक्सनं ३१ पैकी ३१ सामने जिंकले. राज्याच्या इतिहासातला पहिला अपराजित विजेता. अंतिम सामन्यात ऑस्करचे ३९ गुण. मिरवणूक पुन्हा नॉर्थवेस्टर्न पार्कातच.

आता 'हूजियर्स'कडे परत जाऊ, कारण मला खरा धक्का तिथे बसला. सिनेमातला अंतिम सामना त्याच फील्डहाउसमध्ये चित्रित झालाय. गोऱ्या मुलांचा चिमुकला संघ, समोर शहरी शाळा, तिच्यात उंच कृष्णवर्णीय खेळाडू. आपल्याला टाळ्या कुणासाठी वाजवायच्या आहेत हे कॅमेरा नीट सांगतो. या हरणाऱ्या संघाच्या बाकावर सूट घातलेला एक शांत प्रशिक्षक बसलेला दिसतो. ही भूमिका केली आहे रे क्रो यांनी. बाजूचा त्याचा सहायक म्हणजे बेली रॉबर्टसन. सात हंगामांत १७९ विजय आणि फक्त २० पराभव नावावर असलेला, दोन वेळा राज्य जिंकलेला माणूस पडद्यावर हरायला बसवलाय. दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो फक्त त्यांच्यासाठी. मिळतात ती मोजकीच दृश्यं. क्रो यांनी ही भूमिका का स्वीकारली असेल? हसत-हसत केली असेल, की या निमित्तानं तरी आपण चित्रात असू म्हणून? मी पहिल्या उत्तराच्या बाजूचा आहे, पण ते मला तसं हवंय म्हणूनही असेल.

मिलानची गोष्ट खोटी नाही, लहानही नाही. प्लम्पनं धरून ठेवलेली ती चार मिनिटं अजून अंगावर काटा आणतात. त्यानं पुढे इंडियानापोलिसमध्ये 'प्लम्प्स लास्ट शॉट' नावाचं हॉटेल काढलं, आणि १९९६ मध्ये शाळांच्या आकारानुसार चार गट पाडायचं ठरलं तेव्हा जुनी पद्धत टिकावी म्हणून तो लढलाही. ते जमलं नाही. आता मिलान आणि मन्सी स्पर्धेत समोरासमोर येऊच शकत नाहीत.

ऑस्करची लढाई वेगळ्या मैदानावर गेली. १९६० चं ऑलिम्पिक सुवर्ण, मग एनबीए, आणि खेळाडूंच्या संघटनेचं अध्यक्षपद. १९७० मध्ये त्याच्या नावानं एनबीएवर खटला गुदरला गेला: करार संपला तरी खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाच्या ताब्यात का? १९७६ ला तडजोड झाली आणि खेळाडूला आपला संघ निवडायची वाट मोकळी झाली. आज स्टार खेळाडू संघ बदलतात, त्यांच्या करारांचे आकडे आपल्या फोनवर झळकतात, त्याच्या मुळाशी हा खटला आहे.

मे २०१५ मध्ये, इंडी ५०० शर्यतीच्या आधी इंडियानापोलिसमधून निघणाऱ्या वार्षिक परेडचा अग्रमान १९५५ च्या अ‍ॅटक्स संघाला देण्यात आला. शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवरून, दुतर्फा गर्दीतून. ऑस्कर रॉबर्टसन तेव्हा ७६ वर्षांचा होता. रे क्रो २००३ मध्येच गेले होते.