आज्ञावली-बांधणीची साधने : ‘मेक’ ते ‘ग्रेडल’

संगणकाच्या इतिहासात यंत्रे व भाषा यांची नोंद तपशिलाने होते. आज्ञावली बांधण्याच्या साधनांची क्वचितच होते. त्यामुळे ‘आयडीई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकात्मिक प्रणाली आल्या आणि स्वतंत्र साधने मागे पडली, असा समज रूढ झालेला दिसतो. घटनाक्रम त्यास दुजोरा देत नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ वाया गेली. प्रोग्रॅममधील चूक त्यांनी दुरुस्त केली होती. परंतु ती फाइल पुन्हा कंपाइल न झाल्याने जुनाच भाग जोडला जात होता. या प्रसंगातून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ रचले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे ‘मेकफाइल’मध्ये लिहावयाचे, फायलींच्या अखेरच्या बदलाच्या वेळा ताडून ‘मेक’ केवळ शिळा झालेला भाग पुन्हा बांधते. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी, हा त्यातील जाचक नियम फेल्डमन यांनी बदलला नाही. कारण तोवर डझनभर सहकारी ‘मेक’ वापरू लागले होते. पुढे लाखोंनी तो सोसला.

१९८३ मध्ये बोरलँड कंपनीचे ‘टर्बो पास्कल’ ४९.९५ डॉलरला बाजारात आले. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या या वेगवान कंपायलरला संपादकाची जोड होती. चूक आढळताच कर्सर नेमका तेथे जाई. १९८७ मध्ये आलेले ‘टर्बो सी’ महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत दीर्घकाळ टिकले. एकाच आदेशात कंपायलिंग, जोडणी आणि अंमल होत असल्याने जोडणी ही स्वतंत्र पायरी आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी न येणे स्वाभाविकच होते. सोयीची ही किंमत अध्यापनात फारशी मोजली गेली नाही.

मोठ्या प्रकल्पांची अडचण निराळी होती. बांधणीची कृती एकात्मिक प्रणालीच्या स्वतःच्या नोंदींत अडकली, की ती प्रणाली नसलेल्या यंत्रावर प्रकल्प बांधणे दुष्कर होई. म्हणूनच २००१ मध्ये ‘एक्लिप्स’ अवतरले त्याच सुमारास जावाच्या क्षेत्रात ‘अँट’ आणि २००४ मध्ये ‘मेव्हन १.०’ ही स्वतंत्र साधने रुजली. अँड्रॉइडचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे ‘एक्लिप्स’ची बांधणी वेगळी आणि आदेश-ओळीवरील ‘अँट’ची वेगळी, असे द्वैत होते. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ने बांधणीचे काम स्वतःकडे न ठेवता ‘ग्रेडल’कडे सोपविले, २०१५ च्या अखेरीस गूगलने ‘एक्लिप्स’साठीच्या आपल्या साधनांचा विकास थांबविला.