रेडिएटरमध्ये चहा कुठून आला?

आजच्या भागाची सुरुवात एका झाकणापासून.

मे महिना. चंद्रपूर. पारा 46-47 च्या आसपास. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण सकाळी कुणीतरी उघडतं. आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसायला पाहिजे. दिसतं काय? दूध जास्त पडलेला घट्ट चहा. बोट लावलं तर चिकट, ओशट. आणि लगेच आजूबाजूच्या चार जणांकडून निकाल येतो: हेड गेलं!

आता हेड खोलायचं म्हणजे मोठा खर्च, गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये. पण दर वेळी हेडच गेलेलं असतं का? तर नाही. मग तेल पाण्यात शिरलं कुठून? याचं उत्तर इंजिनाच्या इतिहासात आहे. तेल आणि पाणी सुरुवातीला एकमेकांपासून लांब होते. त्यांना जवळ आणलं आपणच, उष्णतेशी लढता लढता.

चला, थोडं मागे जाऊ. 1885. जर्मनीत कार्ल बेंझ आपली तीनचाकी मोटार बनवतो. तिच्यात आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, की वरून पुन्हा ओतायचं. 1888 मध्ये त्याची बायको बर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, साधारण शंभर किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावं लागलं. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच पाण्याची कटकट होती!

मग आला विल्हेल्म मायबाख. 1900 च्या शेवटी तयार झालेल्या 35 हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. पाणी उडून जाण्याऐवजी फिरत राहिलं, हवेने थंड होत राहिलं. आजही आपल्या गाडीत तत्त्व तेच आहे.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप 1947 पासून मुंबईत महिंद्राने जोडायला घेतली. पुढची कित्येक वर्षं जंगलातला, मुरमाचा, नाल्यातला रस्ता म्हटलं की जीपच. या जीपचं जुनं पेट्रोल इंजिन बघण्यासारखं होतं. त्याचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसवलेले. वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक जाड झाकण. त्यामुळे प्रेशरचं तेल हेडपर्यंत चढवायची गरजच नव्हती. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये जे गॅस्केट असतं, त्याच्यातून आग आणि पाणी जायचं, पण तेलाची प्रेशरलाइन जायची नाही. म्हणून त्या इंजिनात पाणी उकळायचं, गळायचं, कधी ब्लॉकला तडा जाऊन पाणी तेलात उतरायचं. पण रेडिएटरमध्ये चहा? तो क्वचितच.

मग काय बदललं? तीन गोष्टी.

पहिली, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. त्यांना तेल लागतं, म्हणून तेलाची वाट गॅस्केटमधून वर चढली. आता त्या पातळ पत्र्यासारख्या थराला तीन शेजारी सांभाळायचे होते: आग, पाणी आणि तेल.

दुसरी, रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग आली आणि पाणी दाबाखाली गेलं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. साधारण एक बार जादा दाब दिला तर तेच 120 अंशांपर्यंत उकळत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही मोठीच सोय. पण दाब आला म्हणजे प्रत्येक जोडावर ताण आला.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑइल कूलर. मोठ्या डिझेल इंजिनांत, नंतर टर्बोवाल्या गाड्यांत तेल इतकं तापायला लागलं की त्यालाही थंड करावं लागलं. कशाने? पाण्याने! एका छोट्या डब्यात पातळ पत्र्यांचे थर, एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने कूलंट. दोघांच्या मध्ये फक्त एक भिंत.

बघा म्हणजे, उष्णतेवर काढलेल्या जवळपास प्रत्येक उपायाने तेल आणि पाणी एकमेकांच्या अजून जवळ आले. म्हणून चहा दिसला की पहिला प्रश्न एकच: कुठली भिंत फुटली?

आता या भिंती ओळखायच्या कशा? इथे दाबाचं गणित कामी येतं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण दोन ते पाच बार असतो, पाण्याचा एकाच्या आसपास. म्हणजे चालत्या गाडीत तेल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो. तेव्हा उलटं होऊ शकतं, पाणी तेलात. म्हणून रेडिएटर बघितला की डिपस्टिकही बघायचीच. रेडिएटर ओशट आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ऑइल कूलरवर संशय वाढतो.

हेड गॅस्केट आगीच्या बाजूने फुटलं असेल तर ते गप्प बसत नाही. गार इंजिन चालू केल्यावर दोन-चार मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो. टाकीत सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी मिसिंग करते. गॅरेजमध्ये एक निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा त्यातून ओढतात. जळालेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. यातलं काहीच नसेल, तर आधी ऑइल कूलर काढून, एक तोंड बंद करून, दुसरीकडून हवा भरून कोमट पाण्यात बुडवा. पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसं. बुडबुडा आला की चोर सापडला. कूलर निर्दोष निघाला तरच हेडकडे वळायचं, कारण गॅस्केट कधीकधी फक्त तेल आणि पाण्याच्या मध्येच फाटतं, तेव्हा धूर आणि बुडबुडे नसतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर अजून एक संशयित: गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्या पोटातच असते. तेव्हा चहाचा रंग गुलाबीकडे झुकतो.

आणि फसवणारे रंगही आहेत. नुसता गंज असेल तर पाणी तपकिरी होतं, पण ओशट होत नाही. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळले तर जेलीसारखा गाळ होतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधी एक थेंब कागदावर टाका. वाळल्यावर तेलकट डाग राहिला तर तेल. आणि तेलात पाणी आहे का हे बघायचं तर एक थेंब तापलेल्या तव्यावर, जरा लांबून. तडतडलं तर पाणी आहे. हा काही अडाणी उपाय नाही, तेल तपासणाऱ्या लॅबमध्येही हीच पहिली चाचणी असते.

लॅबचा विषय निघालाच आहे तर, ही विद्या रेल्वेने पुढे नेली. 1940 च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल जाळून त्याच्या प्रकाशातून धातू ओळखायला सुरुवात केली. थंड करायच्या पाण्यात गंजविरोधी रसायनं असतात. त्यातलं सोडियम किंवा बोरॉन तेलात सापडलं की समजायचं, कुठेतरी पाणी झिरपतंय. चहा डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी!

हे सगळं इतकं बारकाईने का सांगतोय? कारण आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता. साठ-पासष्ट किलोमीटर, बहुतेक जंगल. 1973 मध्ये हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. अशा ठिकाणी गाडीत मागे बाळंतीण असू शकते, साप चावलेलं पोरगं असू शकतं. तिथे "पाणी टाकून जाऊ पुढच्या गावापर्यंत" हा हिशोब चुकतो. तेलाचा थर रेडिएटरच्या नळ्यांना आतून लेप देतो. पाणी भरलेलं असतं, पण उष्णता बाहेर पडत नाही. रबरी होज तेलाने फुगून मऊ पडतात आणि नेमके चढावर फुटतात. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर इंजिन चालूच करू नका, बेअरिंग जातात. टोचन करा. आणि दुरुस्तीनंतर सगळी यंत्रणा दोन-तीनदा धुऊन, थर्मोस्टॅट आणि फुगलेले होज बदलूनच कूलंट भरा. नाहीतर जुनाच चहा पुन्हा वर येतो.

तेव्हा मंडळी, जंगलात जायच्या आदल्या दिवशी नाही, तर त्याच दिवशी सकाळी, इंजिन गार असताना झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नाही, चेहरा भाजेल. आत बघा, डिपस्टिक बघा. दोन मिनिटं लागतात. बर्थाला निदान वाटेत गावं लागत होती. आलापल्लीच्या पुढे ती खात्री नाही.

भेटू पुढच्या भागात. गाडी थंड ठेवा, डोकंही!